बळीराजा दोनदा येतो

तिरुवोणमच्या आदल्या रात्री डोंबिवलीतल्या किंवा चेंबूरमधल्या एखाद्या मल्याळी समाजाच्या सभागृहात डोकावलं, की आधी दिसतात ती जमिनीवर पसरलेली जुनी वर्तमानपत्रं. त्यांवर दादरच्या फूलबाजारातून आणलेला झेंडू, शेवंती, ॲस्टर यांचे ढीग. पोरंसोरं, आज्या, नोकरीवरून थेट आलेल्या बायका असे सगळे मांडी घालून पाकळ्या सुट्या करत बसलेले असतात. हिरवा रंग हवा म्हणून कुणी पानं बारीक चिरत असतं. मधोमध एक जण दोरीला खडू बांधून वर्तुळं मारत असतो. कोपऱ्यातून एका आजीची हाक येते, ‘‘मोळे, इंगोट्टु वा.’’ पोरी, इकडे ये. उत्तर येतं ते मराठीत, ‘‘आले गं अम्मम्मा, पिवळा कमी पडतोय, तेवढा घेऊन येते.’’

सकाळपर्यंत त्या वर्तुळांचं पूक्कळम होतं. पूक्कळम म्हणजे फुलांची रांगोळी. अत्तम नक्षत्रापासून तिरुवोणमपर्यंत दहा दिवस केरळात ती दारोदारी घातली जाते. अत्तम म्हणजे आपलं हस्त आणि तिरुवोणम म्हणजे श्रवण. सौर सिंह महिन्यातलं हे श्रवण नक्षत्र पुष्कळदा भाद्रपदाच्या शुक्ल पक्षात येतं, म्हणून ओणम आणि गणपती एकमेकांच्या मांडवात शिरतात. 2024 मध्ये तिरुवोणम 15 सप्टेंबरला होतं आणि अनंत चतुर्दशी 17 तारखेला. 2025 मध्ये तर ओणम 5 सप्टेंबरला आणि दुसऱ्याच दिवशी विसर्जन. एका गल्लीत ढोल-ताशाची तालीम आणि दुसऱ्या गल्लीत चेंडा, असं दृश्य मुंबईच्या उपनगरांत सलग दोन वर्षं दिसलं. चेंडा हे काठ्यांनी वाजवायचं, खांद्याला अडकवून कमरेपाशी उभं धरायचं केरळी वाद्य. त्याचे ताफे आता गणपतीच्या मिरवणुकीतही हौसेनं बोलावले जातात.

ओणमला पाताळातून वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो तो महाबली, मल्याळींचा मावेली. महाराष्ट्रात त्याला बळीराजा म्हणतात. दिवाळीच्या पाडव्याला, बलिप्रतिपदेला, घरातली बाई ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणते ते याच राजाला उद्देशून. जोतीराव फुल्यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त याच बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून मराठी समाजापुढे उभं केलं. आजही मराठी वर्तमानपत्रं शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात. देशात वामनाची कथा सगळीकडे सांगितली जाते, पण हरलेल्या राजाची वाट पाहण्याचा रिवाज केरळ आणि महाराष्ट्र या दोघांनीही मनापासून जपला आहे. मुंबईत तर तो वर्षातून दोनदा येतो, एकदा ओणमला आणि एकदा पाडव्याला. एवढं जवळचं नातं असूनही बहुतेक मराठी घरांना त्याचा पत्ता नाही, आणि बऱ्याच मल्याळी घरांनाही नसावा. शेजारी राहून एकमेकांविषयी इतकं कमी माहीत असावं, ही खंत या लेखाच्या मुळाशी आहे.

मुंबईतल्या मल्याळी संस्थांचा इतिहास मोठा आहे. बॉम्बे केरळीय समाज माटुंग्यात 1930 मध्ये स्थापन झाला. त्या वर्षी नकाशावर केरळ नावाचं राज्य नव्हतं. मलबार मद्रास इलाख्यात होतं, कोचीन आणि त्रावणकोर ही दोन संस्थानं होती. केरळ राज्य झालं 1 नोव्हेंबर 1956 रोजी. म्हणजे तीन वेगवेगळ्या राजवटींतून आलेली माणसं माटुंग्यात एका भाषेच्या नावाखाली एकत्र बसली, ती राज्य होण्याच्या 26 वर्षं आधी. या समाजाच्या मासिकाचं नाव ‘विशाल केरळम’ आहे, आणि त्या नावातच सगळं आलं. भाषिक राज्याच्या मागणीसाठी झगडलेल्या मराठी माणसाला ही ओढ समजावून सांगायची गरज नाही.

त्या काळी येणारा मल्याळी तरुण टंकलेखन आणि लघुलेखन शिकून यायचा. कंपन्यांच्या, सरकारी खात्यांच्या कचेऱ्यांत कारकून आणि स्टेनो म्हणून लागायचा. पुढे परिचारिका आल्या, चेंबूरच्या तेल आणि खत कारखान्यांत तंत्रज्ञ आले, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात शास्त्रज्ञ आले. सत्तरच्या दशकात आखाताची दारं उघडली, तेव्हा तिकडे जाणाऱ्या हजारोंचा मुक्काम मुंबईतच पडू लागला. नव्या माणसाला खोली, ओळख, गावाकडची बातमी आणि आजारपणात बघणारं कुणीतरी हवं असतं. समाज नावाची गोष्ट उभी राहिली ती या गरजांवर. ती भाषेची संस्था होती, धर्माची नव्हे. ओणमच्या पंगतीत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान मल्याळी पानांच्या एकाच ओळीत बसतात, आणि हे वेगळं सांगावं असं तिथे कुणालाच वाटत नाही.

घरी जायचं तर तेव्हा पुणे, सोलापूर, गुंतकल असा वळसा घालून गाडीत दोन रात्री काढाव्या लागत. हा वळसा संपवला कोकण रेल्वेनं. तिची उभारणी ज्यांच्या हाती होती ते ई. श्रीधरन पालक्काड जिल्ह्यातले. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि 26 जानेवारी 1998 रोजी सगळा मार्ग खुला झाला. सह्याद्रीच्या कातळातून बोगदे काढत ही गाडी रत्नागिरीच्या चाकरमान्याला गणपतीसाठी घरी नेते आणि त्याच रुळांवरून मल्याळी माणसाला ओणमसाठी. तिकिटांची झुंबडही दोघांची एकाच हंगामात उडते.

या सहवासात कटुतेचा काळही येऊन गेला. 1960 च्या दशकात ‘मार्मिक’ साप्ताहिकातून मुंबईतल्या कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या गेल्या. 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली, तेव्हा तिचा सुरुवातीचा रोख दाक्षिणात्यांवर होता. मराठी तरुणांची नोकरीची तक्रार खोटी नव्हती. आपल्याच राजधानीत आपण मागे पडतो आहोत, ही भावना खरी होती. पण लुंगीवरून झालेली हेटाळणी आणि उडुपी हॉटेलांवरचे हल्ले ज्यांनी सोसले, त्यांतल्या बहुतेकांचा गुन्हा एवढाच होता, की त्यांना टाइपरायटर चालवता येत होता. तमिळ, तुळू, कन्नड, मल्याळी अशा सगळ्यांना ‘मद्रासी’ या एका शब्दात कोंबण्याची सवयही त्याच काळात घट्ट झाली.

अशा वेळी कुठल्याही स्थलांतरित समाजासमोर दोन वाटा असतात. दार लावून आत आपलं आपण गायचं, नाहीतर शेजाऱ्याला उपयोगी पडेल असं काहीतरी उभं करायचं. मुंबई-पुण्यातल्या मल्याळी संस्थांनी दुसरी वाट धरली, हे त्यांचं मोठेपण आहे आणि ते मराठीत पुरेसं नोंदवलं गेलेलं नाही. श्री नारायण मंदिर समिती 1963 मध्ये स्थापन झाली. केरळात 1888 मध्ये अरुविप्पुरम इथे शिवलिंग स्थापून जातीच्या मक्तेदारीला आव्हान देणाऱ्या नारायण गुरूंच्या विचारावर ही संस्था चालते. मंदिरासाठी लागणारा पैसा शाळेकडे वळवा, असं सांगणारे हे गुरू. त्यांच्या नावानं चेंबूरमध्ये शाळा आणि महाविद्यालय उभं राहिलं, आणि त्यात आसपासच्या वस्त्यांमधली सगळ्या भाषांची मुलं शिकली. डोंबिवलीत केरळीय समाजम् ‘मॉडेल’ नावाची शाळा आणि महाविद्यालय चालवतं. ज्या गावाला मराठी मध्यमवर्गाचं माहेर म्हणतात, तिथल्या कितीतरी मराठी घरांत ‘मॉडेल’मध्ये शिकलेलं कुणीतरी असतं. ती शाळा एका मल्याळी मंडळाची आहे, हे त्यातल्या अनेकांच्या ध्यानातही नसतं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आलेल्यांनी चिंचवड मल्याळी समाजम् काढलं आणि निगडीत शाळा सुरू केली.

शाळा काढणं म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाची जबाबदारी घेणं. वर्षातून एकदा सांस्कृतिक कार्यक्रम करून ते नातं तयार होत नाही. पालकसभा, फी, वार्षिक स्नेहसंमेलन, दहावीचा निकाल अशा रोजच्या गोष्टींतून ते होतं. म्हणूनच ‘वारसा जपायचा की मिसळून जायचं’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. ज्या संस्थांनी शेजाऱ्यासाठी दार उघडलं, त्यांना पैसा, जागा आणि मान मिळाला, आणि त्याच जोरावर त्यांचं ओणम, त्यांचं ग्रंथालय, त्यांची नाटकं टिकली.

कलेच्या बाबतीत तर याचं फार सुंदर उदाहरण मुंबईतच घडलं. पांचाली करुणाकर पणिक्कर हे कथकलीचे गुरू. त्यांच्याकडे मुंबईत एक गुजराती मुलगी वयाच्या सातव्या वर्षापासून कथकली शिकली. मोठी होऊन ती मोहिनीअट्टमकडे वळली. 1970-71 च्या सुमारास केरळात जाऊन तिनं कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मु अम्मा, कल्याणीकुट्टी अम्मा या जुन्या नर्तकींचं नृत्य चित्रफितीवर नोंदवून घेतलं, त्यातल्या शरीरहालचालींचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि विस्मरणात चाललेल्या या नृत्याला नवं व्याकरण दिलं. लग्नानंतर रेळे झालेल्या या विदुषी म्हणजे कनक रेळे. जुहूचं नालंदा नृत्य कला महाविद्यालय त्यांनी उभारलं, आणि केरळ सरकारनं पहिला गुरू गोपीनाथ पुरस्कार त्यांनाच दिला. त्या गुरूनं ‘ही आपल्यातली नाही’ म्हणून सात वर्षांच्या मुलीला परत पाठवलं असतं, तर नुकसान मोहिनीअट्टमचं झालं असतं.

आता कौतुकानंतर उणीवही सांगायला हवी. या शाळांनी शहराशी जे नातं जोडलं ते इंग्रजीच्या पुलावरून. त्यात मराठी पालकांचाही पूर्ण वाटा आहे, कारण त्यांनाही मुलांसाठी इंग्रजीच हवी होती. परिणाम असा, की तीन पिढ्या शेजारी राहूनही मराठी आणि मल्याळम या दोन भाषा एकमेकींशी फार कमी बोलल्या. मराठी ही महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत 2020 च्या कायद्यानं सक्तीची झाली, हे योग्यच झालं. पण शाळेतली सक्तीची भाषा आणि घराच्या उंबरठ्यावर येऊन बसलेली भाषा यांत अंतर असतं.

तिकडे मल्याळमची अवस्थाही काळजी करावी अशी आहे. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात मल्याळम मातृभाषा सांगणारे चार लाखांहून थोडे अधिक होते. 2011 मध्ये तो आकडा सुमारे 3 लाख 66 हजारांवर आला. निवृत्तीनंतर काही जण गावी परततात, नवे तरुण थेट आखातात किंवा बंगळुरूला जातात, आणि नातवंडांना घरातली भाषा समजते पण ती बोलत नाहीत. कारण कोणतंही धरा, समाजाच्या कार्यकारिणीत दिसणारे केस पांढरेच आहेत.

यावर उपाय म्हणून केरळ सरकारनं 2009 मध्ये मल्याळम मिशन सुरू केलं. केरळाबाहेरच्या मुलांसाठी दहा वर्षांचा अभ्यासक्रम आखला आणि त्याच्या चार टप्प्यांना फुलांची नावं दिली. पहिली दोन वर्षं कणिक्कोन्ना, पुढची दोन सूर्यकांती, मग तीन वर्षं आंबल आणि शेवटची तीन नीलकुरिंजी. मुंबईत हे वर्ग अनेक ठिकाणी समाजांच्या सभागृहांत भरतात, शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. आता ही फुलं जरा जवळून पाहावीत. कणिक्कोन्ना म्हणजे बहावा, जो उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर पिवळा पाऊस पाडतो. सूर्यकांती म्हणजे सूर्यफूल. आंबल म्हणजे तळ्यातलं कुमुद. आणि बारा वर्षांनी फुलणारी मुन्नारची नीलकुरिंजी ही आपल्या कारवीची सख्खी बहीण, एकाच कुळातली. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, तेव्हा सह्याद्रीचे उतार जांभळे होतात. डोंगररांग तीच, फक्त नाव बदलतं. डोंबिवलीत नीलकुरिंजीच्या वर्गात बसलेल्या मुलीला शिक्षिकेनं एकदा कारवी दाखवली, तर धड्यातल्या फुलासाठी मुन्नारची वाट पाहावी लागणार नाही.

सरकारनं आणि समाजांनी मिळून करण्याजोगं एक काम मात्र केरळनं आधीच करून दाखवलं आहे. तिथे बंगाल, आसाम, ओडिशा, बिहारमधून लाखो मजूर येतात. केरळ साक्षरता मिशननं 2017 मध्ये पेरुंबावूर इथे ‘चंगाती’ ही योजना सुरू केली. चंगाती म्हणजे सोबती. परप्रांतीय कामगारांना मल्याळम लिहा-बोलायला शिकवायचं, त्यासाठी ‘हमारी मलयालम’ नावाचं खास पुस्तक. शिकत नाही म्हणून कामगाराला दरडावण्याआधी त्या राज्यानं पुस्तक छापलं आणि वर्ग भरवला. महाराष्ट्रात भाषेवरून थप्पड मारल्याच्या चित्रफिती फिरतात, पण नव्यानं आलेल्या प्रौढ माणसानं मराठी शिकायला नेमकं कुठे जावं, याचं सोपं उत्तर त्याला प्रत्येक वॉर्डात मिळत नाही. मराठीचा अभिमान असणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट टोचायला हवी.

मल्याळी समाजांची सभागृहं या कामासाठी तयार उभी आहेत. रविवारी एका खोलीत नातवंडांसाठी मल्याळमचा वर्ग भरतो. शेजारच्या खोलीत नव्यानं आलेल्या परिचारिकांसाठी मराठीचा वर्ग भरावा, आणि तो शिकवायला त्याच वस्तीतल्या निवृत्त मराठी शिक्षकांनी पुढे यावं. कोट्टायमहून आलेल्या तेविशीतल्या परिचारिकेला व्याकरणाआधी दुसरंच काही लागतं. रात्रपाळीत वॉर्डातली आजी म्हणते, पोटात कळ येते. शेजारचे आजोबा म्हणतात, पाय ठणकतोय. कुणाच्या बरगडीत चमक भरते, कुणाला मळमळतं, कुणाला भोवळ येते, कुणाची जखम चुरचुरते. हिंदीत यातलं बरंचसं ‘दर्द’ म्हणून भागवता येतं, पण त्यानं औषध ठरत नाही. कळ आणि ठणका यांतला फरक ज्या परिचारिकेला कळला, तिला मराठी आली. आणि तो फरक आजीच्या तोंडून शिकलेली परिचारिका पुढच्या ओणमला त्या आजीला पानावर बसवल्याशिवाय राहणार नाही.

दुसरं काम पुस्तकांचं. मराठीतून मल्याळममध्ये बरंच गेलं आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ तिथे ‘कर्णन’ नावानं घरोघरी वाचली गेली, वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ही मल्याळी वाचकांना ओळखीची आहे. उलट बाजूनं पाहिलं, तर आनंद यांची ‘आळ्क्कूट्टम’ ही 1970 ची गाजलेली मल्याळम कादंबरी चक्क मुंबईवर आहे. या शहराच्या गर्दीत हरवत चाललेल्या तरुणांची ती गोष्ट. मुंबईवरची महत्त्वाची कादंबरी मुंबईतल्या किती मराठी वाचकांच्या हाती पडली? दोन्ही भाषा घरात बोलणारी एक अख्खी पिढी उपनगरांत वाढली आहे. तिच्यातून थेट मल्याळममधून मराठीत आणणारे अनुवादक घडवणं, हे साहित्य संस्थांनी आणि समाजांनी मिळून मनावर घेतलं तर अवघड नाही.

हे सगळं मराठी माणसानं परक्याच्या गोष्टीसारखं वाचू नये. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई कारागीर सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले, त्यात केरळातल्या बाजारपेठाही आल्या. म्हणजे कुणीतरी मराठी बाई तिथे भाजीवाल्याशी मल्याळममध्ये घासाघीस करत असते आणि घरी मुलांना मराठी बाराखडी शिकवत असते. डोंबिवलीतल्या मल्याळी आजीची धडपड आणि त्या बाईची धडपड एकच आहे. परमुलखातल्या मराठी मंडळांनी स्वतःला विचारण्याजोगा प्रश्नही एकच. गणपतीच्या आरतीला शेजारचे लोक कौतुकानं येतील, पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्यांना मंडळाच्या दारात यायला काही कारण आहे का?

ओणमच्या दुपारी सद्येची, म्हणजे केळीच्या पानावरच्या मेजवानीची, पंगत बसते. केळीच्या पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. आधी केळ्याचे काप, गुळातले काप, लोणचं आणि इंजिपुळी ही आल्या-चिंचेची आंबटगोड चटणी. मग भात, त्यावर परिप्पु म्हणजे डाळ आणि तूप. अवियल, ओलन, काळन, एरिशेरी येतात आणि शेवटी पायसम. कूपन घेऊन बसलेले मराठी शेजारी आता प्रत्येक पंगतीत दिसतात, आणि जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

दिवाळीचा पाडवा त्यानंतर काही आठवड्यांनी येतो. त्या दिवशी फराळाचं ताट घेऊन एखाद्या मराठी घरानं समाजातल्या ओळखीच्या चेचीचं, म्हणजे ताईचं, दार वाजवावं आणि सांगावं, की तुमचा मावेली आमच्याकडे आज येतो, आम्ही त्याला बळी म्हणतो. चेची आधी चकित होईल. मग आतून अम्मम्माला हाक मारेल, आणि अम्मम्मा नातीला म्हणेल, नीट समजावून सांग मला, काय म्हणतात ते. दोन्ही भाषा येणारी ती मुलगी मध्ये बसेल आणि एका राजाची गोष्ट दोन्ही बाजूंना सांगेल.